ऐंशीच्या दशकातील कष्टांना व्यायाम म्हणू नये

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ऐंशीच्या दशकातील कोकणी राहणी आणि तंदुरुस्ती यांवर नुकताच आलेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. जाते, उखळ, रहाट, भाताची लावणी आणि बाजारापर्यंतची पायपीट यांची प्रेमाने वर्णने करून लेखकाने असा निष्कर्ष काढला आहे की, त्या काळी घर हीच व्यायामशाळा होती आणि म्हणून आपल्या आया-आज्या जिमचे तोंडही न पाहता ठणठणीत राहिल्या. हाच सूर समाजमाध्यमांवरही अलीकडे वरचेवर ऐकू येतो. किनाऱ्यावरच्या काही पर्यटन निवासांत तर मुंबई-पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना विहिरीचे पाणी शेंदायला आणि चिखलात उतरून भाताची रोपे लावायला देऊन त्याचे पैसेही घेतले जातात. पाहुण्यांच्या हौसेबद्दल माझी काहीच तक्रार नाही. परंतु मी त्या दशकात राजापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत होते, आणि ज्यांच्या ठणठणीतपणाचे हे गोडवे गायले जात आहेत त्या बायकांच्या मुली रोज माझ्यासमोर मैदानावर उभ्या राहत असत. त्यामुळे या निष्कर्षाला लेखी हरकत घेणे मला आवश्यक वाटते.

लेखात त्या काळची पाश्चात्त्य ‘फिटनेस’ची लाट आणि आपली राहणी यांची तुलना करून आपल्या राहणीला विजयी ठरवले आहे, म्हणून आधी त्या लाटेविषयी. अमेरिकी हवाई दलात डॉक्टर असलेले केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये एरोबिक्सची कल्पना लोकांपुढे मांडली आणि बारा मिनिटांत माणूस किती अंतर धावतो यावरून त्याच्या हृदयाची व फुप्फुसांची क्षमता अजमावण्याची चाचणी रूढ केली. पुढे १९७९ मध्ये सोनी कंपनीचा वॉकमन आला आणि धावणाऱ्याच्या कानात गाणे वाजू लागले. १९८२ मध्ये अभिनेत्री जेन फोंडा यांच्या व्यायामाची व्हिडिओ कॅसेट निघाली आणि दिवाणखान्यात टीव्हीसमोर संगीताच्या ठेक्यावर हातपाय हलवणे ही तिकडच्या लक्षावधी स्त्रियांची दिनचर्या बनली. चमचमते घट्ट कपडे, कपाळावरचे पट्टे आणि त्यांचा बाजार यांवर हसण्यासारखे पुष्कळ आहे. तरीही मोटार, लिफ्ट, कपडे धुण्याचे यंत्र आणि खुर्चीतली नोकरी यांनी ज्या शरीरांचे काम काढून घेतले होते, त्या शरीरांना रोज थोडा वेळ मोजूनमापून हालचाल देण्याची ती खटपट होती, आणि तिच्यामागची अडचण खरी होती. आमच्या वाडीतल्या बाईची अडचण याच्या नेमकी उलट होती.

कोकणात ही लाट आली ती मासिकांच्या पानांतून. बुलवर्कर या व्यायामाच्या साधनाची जाहिरात सगळ्यांना ठाऊक होती, त्यातला पिळदार दंडांचा तरुणही ठाऊक होता, पण ते साधन विकत घेतलेला माणूस गावात सापडणे कठीण होते. दूरदर्शनवर योगगुरू धीरेंद्र ब्रह्मचारी योगासने शिकवीत, मात्र दूरदर्शन पाहायला संच हवा, संचाला वीज हवी आणि विजेला पावसाळ्यात टिकण्याची इच्छा हवी. रेल्वे तेव्हा रोह्याच्या पुढे आलेलीच नव्हती. संपूर्ण कोकण रेल्वे सुरू झाली ती १९९८ च्या प्रजासत्ताकदिनी. पहाटे नुसते फिरायला बाहेर पडणारी माणसे म्हणजे तालुक्याच्या गावातले डॉक्टर, बँकेचे साहेब आणि एखादे निवृत्त मामलेदार. वाडीत कोणी रिकाम्या हातांनी भरभर चालताना दिसला, तर कोणाच्या घरी आजारपण आहे काय, अशी चौकशी होत असे, कारण काम नसताना चालणे ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात नव्हती.

आता पाण्याकडे वळते. आपल्या लेखातील सर्वांत देखणे छायाचित्र हंडा-कळशी घेतलेल्या बायकांच्या रांगेचेच आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळाला जातात. जांभा खडक सच्छिद्र आहे, त्यात मुरलेले पाणी फार काळ थांबत नाही, आणि उतार इतका तीव्र आहे की, उरलेले पऱ्ह्यातून, म्हणजे ओढ्यातून, खाडीला व खाडीतून समुद्राला मिळते. सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, वस्ती आणि पाणी खाली दरडीच्या पायथ्याशी, अशी अनेक वाड्यांची रचना होती. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, त्यात तांब्या-पितळेच्या भांड्याचे वजन वेगळे, आणि काखेत कळशी. हे घेऊन घाटी चढायची आणि घरातली माणसे, गुरे व रोपे यांना पुरेल इतके पाणी होईपर्यंत पुन्हा उतरायचे. माझ्या वर्गातील आठवी-नववीच्या बहुतेक मुली अशा खेपा करून, मग भाकरी भाजून, मग दोन-तीन मैल चालून शाळेत येत. पहिल्याच तासाला मी त्यांना मैदानाभोवती धावायला सांगितले, तर त्या धावत. त्यांच्या पायांत बळ नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. परंतु प्रार्थनेच्या वेळी उभ्या-उभ्या घेरी येऊन पडणाऱ्या मुली याच होत्या, आणि तपासणीला आलेले आरोग्य केंद्राचे डॉक्टर ज्यांच्या पापण्या उलटून पाहून लोहाच्या गोळ्या लिहून देत, त्याही याच होत्या.

आजच्या जिममध्ये दोन्ही हातांत वजने धरून चालण्याचा एक व्यायाम घेतात आणि त्याला ‘फार्मर्स वॉक’ म्हणतात. आपल्या लेखकाने हंड्याची तुलना याच व्यायामाशी केली आहे. व्यायामशास्त्राचे पहिले पाठ शिकताना आम्हाला सांगितले गेले होते की, स्नायू बळकट होतो तो ताण पडताना नव्हे, ताणानंतरच्या विश्रांतीत, आणि त्या विश्रांतीला पुरेसे अन्न मिळाले तरच. जिममधला माणूस तीस-चाळीस पावले चालून वजने खाली ठेवतो, दोन मिनिटे थांबतो, आठवड्यातले काही दिवस तो व्यायाम करतच नाही, वजन हळूहळू वाढवतो आणि पाठ दुखू लागली तर सोडून देतो. वाडीतल्या बाईला यांपैकी एकही गोष्ट करता येत नव्हती. हंडा सोडून द्यायचा, तर घरात पाणी नाही; पाठ दुखली तरी चूल पेटायची ती पेटतेच; आणि सर्वांत शेवटी जेवायला बसणाऱ्या तिच्या वाट्याला आमटीतले मासे किती येत, हे मी आपल्या वाचक भगिनींना सांगायला नको. लावणीच्या दिवसांत तर कंबरेत वाकून, पावसात, इरले पाठीवर घेऊन सकाळपासून दिवेलागणीपर्यंत रोपे लावायची. कणा इतका वेळ वाकलेला ठेवणे हे कोणत्याही व्यायामपद्धतीत बसत नाही, आणि कोणी शिकाऊ प्रशिक्षकाने असा व्यायाम घेतला तर त्याला दुसऱ्या दिवशी कामावरून काढून टाकतील.

यात वैद्यकीय बाजूही आहे. डेन्मार्कमधील संशोधकांनी गेल्या काही वर्षांत असे दाखवून दिले आहे की, फावल्या वेळात स्वेच्छेने केलेल्या व्यायामाचा जो लाभ हृदयाला होतो, तो पोटासाठी करावयाच्या जड अंगमेहनतीचा होताना दिसत नाही, काही वेळा उलटच परिणाम दिसतो. या मांडणीवर तज्ज्ञांमध्ये चर्चा चालू आहे, परंतु तिच्यामागची कारणे कोकणातल्या कोणालाही पटतील अशी आहेत. तासन्‌तास वाढलेली हृदयाची गती, ओझे पेलताना सतत चढलेला रक्तदाब, आणि थांबावे केव्हा हे स्वतः ठरवण्याची मोकळीक नसणे, ही ती कारणे होत. बाळंतपणानंतर लगेच ओझी उचलावी लागल्याने ‘अंग बाहेर येण्याचा’, म्हणजे गर्भाशय खाली सरकण्याचा, त्रास किती जणींनी वर्षानुवर्षे निमूट सोसला, हे त्या दशकात खेडोपाडी काम केलेल्या परिचारिका अजूनही सांगतात. या त्रासाविषयी मुलींच्या आया माझ्याशी बोलत त्या मी डॉक्टर आहे म्हणून नव्हे, तर शरीराविषयी शिकवणारी बाई म्हणून, आणि तेही दाराआड. चुलीच्या धुराची गोष्ट तर निराळी सांगायलाच नको. निर्धूर चुलींची सरकारी योजना त्याच दशकात आली, पण पावसाळ्यात ओली लाकडे आणि नारळाची सोडणे जाळणाऱ्या माजघरांत खोकला होता तसाच राहिला.

याउपरही, नव्वदी पार केलेल्या, अजून स्वतःचे स्वतः करणाऱ्या आजीबाई गावोगाव आहेत, असे लेखक म्हणतील. आहेत, आणि त्यांच्याविषयी मला आदरच आहे. परंतु त्यांच्याबरोबरच्या ज्या चाळिशी-पन्नाशीत गेल्या त्यांची छायाचित्रे पुरवणीत येऊ शकत नाहीत. १९८१ ते १९८५ या काळात भारतातील सरासरी आयुर्मान ५५ वर्षांच्या आसपास होते आणि आज ते सत्तरीच्या घरात आहे. या आकड्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता हे मान्य करूनही, ज्या काळात इतकी बालके दगावत होती त्या काळाला निरोगी म्हणताना थोडे चाचरायला हवे.

आता मुलींच्या खेळांविषयी, कारण लेखात त्यांचा उल्लेखही नाही आणि माझ्या मते त्या दशकात तंदुरुस्तीच्या बाबतीत काही खरोखर नवे घडले असेल तर ते इथेच घडले. १९८२ च्या नोव्हेंबरात दिल्लीला आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, त्या निमित्ताने देशात रंगीत दूरदर्शन आले, आणि एम. डी. वलसम्मा यांनी ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवले. दोन वर्षांनी लॉस एंजलिसच्या ऑलिम्पिकमध्ये याच शर्यतीत पी. टी. उषा यांचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. त्यांची वेळ होती ५५.४२ सेकंद. आणखी दोन वर्षांनी सेऊलच्या आशियाई स्पर्धांत त्यांनी चार सुवर्ण आणि एक रौप्य जिंकले. तोपर्यंत माझ्या शाळेत मुलींचे मैदानावरचे शिक्षण म्हणजे लेझीम, लाकडी डंबेल्सची कवायत आणि पंधरा ऑगस्टला भर पावसात केलेले संचलन. सातवीनंतर मुलीने धावणे हे पालकांना पसंत नसे, आणि त्याचे कारण ते आडवळणाने, ‘आता ती मोठी झाली’ एवढ्याच शब्दांत सांगत. उषा यांचे वर्तमानपत्रातले काळेपांढरे छायाचित्र आमच्या शाळेच्या फलकावर लागले. केरळच्या किनाऱ्याजवळच्या एका खेड्यातली मुलगी, तिथेही नारळीपोफळी, तिथेही असाच पाऊस, हे मी पालकसभेत सांगितले तेव्हा विरोध एकदम संपला असे झाले नाही. परंतु आंतरशालेय स्पर्धांना मुली पाठवायला संमतिपत्रे येऊ लागली, परकर-पोलक्याच्या जागी सलवार आली, आणि तालुक्याच्या मैदानावर मुलींची शंभर मीटरची शर्यत भरू लागली. स्वतःच्या इच्छेने, कोणाचेही पाणी न भरता, केवळ धावण्यासाठी धावणारी मुलगी मी आमच्या भागात प्रथम पाहिली ती तेव्हा. लेखकाला ऐंशीच्या दशकातील तंदुरुस्तीचा इतिहास लिहायचा असेल, तर त्याने या मुलीपासून सुरुवात करावी असे मला वाटते.

पोहण्याचेही तसेच होते. समुद्र आणि खाडी दाराशी असताना मुलगे पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत उड्या मारून पोहायला शिकत, आणि मुली काठावर कपडे धूत. आजही किनाऱ्यावरच्या तालुक्यांत पोहता येणाऱ्या स्त्रिया शोधाव्या लागतात.

पुरुषांची हकिकत थोडी वेगळी आहे आणि तिला मुंबईचा संदर्भ आहे. कोकणातल्या पुष्कळ घरांचा कर्ता पुरुष गिरणगावात राहत असे आणि घर चालत असे ते मनीऑर्डरवर. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, महिने लोटले तरी तो मिटला नाही, आणि कित्येक चाकरमानी गणपती-शिमग्याची वाट न पाहता गावी परतले. लालबाग-परळच्या व्यायामशाळांत आणि कबड्डीच्या मैदानांवर घडलेले हे तरुण हाताला काम नसताना गावात बसले, तेव्हा त्यांनी देवळाच्या बाजूला माती भरून आखाडा केला, डालड्याच्या डब्यांत सिमेंट ओतून वजने तयार केली, भिंतीला बजरंगबलीची तसबीर लावली आणि जोर-बैठका सुरू केल्या. हुतुतूची मैदाने दिवाळीनंतर आखली जात आणि शिमग्यापर्यंत पेट्रोमॅक्सच्या उजेडात सामने चालत. कबड्डी दिल्लीच्या १९८२ च्या स्पर्धांत प्रदर्शनीय खेळ म्हणून दाखवली गेली आणि १९९० मध्ये बीजिंगला तिला पदकाचा दर्जा मिळाला. आमच्याकडच्या पोरांना त्याचा जो अभिमान वाटला तो क्रिकेटच्या विश्वचषकापेक्षा कमी नव्हता. तरीही हे विसरता येत नाही की, हे आखाडे बेकारीतून उभे राहिले होते. गिरणीतले काम गेल्याने मोकळा झालेला वेळ त्यांत खर्च होत होता, आणि त्या मुलांच्या घरी मनीऑर्डर येणे बंद झाल्यावर सड्यावरून लाकडाची मोळी आणून विकणारी त्यांची आई किंवा वहिनीच असे.

त्या दशकाकडून घेण्यासारखे काहीच नाही, असे माझे म्हणणे नाही. जेवणाविषयी लेखकाने जे लिहिले आहे ते बहुतांशी बरोबर आहे. पेज, कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, मासळी आणि सणापुरते गोड, या आहारात साखर व तळण कमी होते. ज्या नाचणीला तेव्हा गरिबांचे धान्य म्हणून पाहुण्यांपासून लपवत, तीच आज चकचकीत पाकिटातून दुप्पट-तिप्पट भावाने विकली जाते, यावर अधिक लिहिण्याची गरज नाही. शिमग्यात पालखी नाचवणारे, गणपतीत रात्र-रात्र जाखडीच्या फेरात पाय आपटणारे आणि गौरीपुढे फुगडी-झिम्मा खेळणाऱ्या बायका यांचा व्यायाम मात्र खरा व्यायाम होता, कारण तो आनंदाने होत असे, दमल्यावर थांबता येत असे आणि त्यात सगळी वाडी असे. फुगडीला तर मी शाळेच्या वेळापत्रकातही जागा दिली होती. एका तपासनीस महोदयांना ते रुचले नव्हते.

याहूनही मोलाची अशी एक गोष्ट तेव्हा होती, ती म्हणजे चालण्याच्या वाटा. घरापासून मळ्यापर्यंत, मळ्यातून साकवावरून देवळापर्यंत, देवळापासून तरीच्या धक्क्यापर्यंत आणि सड्यावरून शाळेपर्यंत जांभ्याच्या पायऱ्यांच्या पाखाड्या आणि गडग्यांमधल्या पाणंदी होत्या. वस्तीची एसटी चुकली तरी माणूस चालत सुरक्षित घरी पोहोचेल अशी ती व्यवस्था होती. चतुर्थीच्या आधी प्रत्येक वाडीतील माणसे जमून आपापल्या हद्दीतील पाखाडीवरचे शेवाळ खरवडून काढत, निसटलेला चिरा बसवत आणि दोन्ही अंगांची झाडी बेणत. त्या वाटेवर मोटार येऊच शकत नव्हती. म्हातारी माणसे, मुले, गरोदर बायका, सर्वांना चालण्यासाठी विनामूल्य, सावलीची आणि ओळखीच्या माणसांची वाट उपलब्ध होती. ओझे वजा केले, तर आजचे डॉक्टर जे चालणे सांगतात ते याहून वेगळे नाही.

आज ओझे बऱ्याच अंशी उतरले आहे. नळ आले, गॅस आला, मिक्सर आला, भाताची गिरणी आली, आणि माझ्या विद्यार्थिनींच्या मुलींच्या डोक्यावर हंडा नाही याचे मला अतिशय समाधान आहे. पण ओझे उतरवताना आपण वाटही मोडून टाकली. पाखाडी फोडून तिच्या जागी घरापर्यंत गाडी नेणारा काँक्रीटचा चढ करणे ही आता विकासाची खूण मानली जाते. महामार्गाचे रुंदीकरण झाले तिथे पायी जाणाऱ्याने कुठून जायचे याचा विचार शेवटी झाला किंवा झालाच नाही. पहाटे फिरणारी वयस्कर माणसे ट्रकच्या प्रकाशझोतात रस्त्याच्या कडेने चालताना दिसतात, आणि जे आतल्या वाटेने जाऊ म्हणतात त्यांना रान वाढल्यामुळे बिबट्याची धास्ती असते. परिणामी दोन फर्लांगांवरच्या दुकानातही माणूस दुचाकीवरून जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर आहे. तालुक्याच्या गावातील दवाखान्यांत बसलेल्यांकडे पाहिले, तर कोकण यात मागे असेल असे वाटत नाही.

यावर उपाय म्हणून मनगटावरचे घड्याळ रोज दहा हजार पावले मोजते. हा दहा हजारांचा आकडा कोणत्याही वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकनंतर १९६५ मध्ये एका जपानी कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र विकायला काढले, त्या यंत्राच्या नावातला तो आकडा आहे. पुढच्या अभ्यासांत त्याहून कमी पावलांनीही चांगला लाभ होतो असे दिसले आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल पुरेशी मानते, म्हणजे रोज वीस-बावीस मिनिटे. एवढे चालण्यासाठी घड्याळ लागत नाही, महिना भरायची जिम लागत नाही; जिथे गाडी अंगावर येणार नाही अशी वाट लागते.

म्हणून माझी आपल्या वृत्तपत्राला, आणि आपल्यामार्फत ग्रामपंचायतींच्या सदस्यांना, अगदी व्यवहारी विनंती आहे. ज्या पाखाड्या अजून शिल्लक आहेत त्यांची नोंद ग्रामपंचायतीने करावी आणि वार्षिक विकास आराखड्यात दुरुस्तीसाठी त्यांना वेगळी तरतूद द्यावी. गाडीचा रस्ता जरूर करावा, पण जुन्या पायऱ्या फोडून नव्हे, त्यांच्या बाजूने. जिथे जागाच नाही तिथे निर्णय ग्रामसभेत, बायकांच्या उपस्थितीत व्हावा. चिरा बसवणारे गवंडी अजून आहेत, चिऱ्याच्या खाणीही आहेत. पटसंख्येअभावी बंद पडत चाललेल्या जिल्हा परिषद शाळांची मैदाने कुलपात किंवा झाडोऱ्यात न घालवता संध्याकाळी वाडीसाठी उघडी ठेवावीत, आणि कोकणात चार महिने मैदान वापरता येत नाही हे लक्षात घेऊन एका बाजूला साधी पत्र्याची शेड घालावी. बंद शाळेच्या खोलीत संध्याकाळी सूर्यनमस्कार, फुगडी, आसने काहीही चालू शकेल. त्यासाठी प्रोटीनच्या डब्यांची जाहिरात लावावी लागणार नाही. खाडीकाठच्या गावांत मुलींना पोहायला शिकवण्याचा उन्हाळी वर्ग एखाद्या स्त्री प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सुरू झाला, तर शिकवायला मी या वयातही काठावर उभी राहीन, पाण्यात उतरण्याचे काम मात्र तरुण शिक्षिकांनी करावे. आणि नव्या सागरी महामार्गावर खाड्यांवरचे जे पूल होत आहेत किंवा होणार आहेत, त्यांच्या दोन्ही बाजूंना कठड्याआड पदपथ असावा अशी मागणी आत्ताच, कागदावर रेघा ओढल्या जात असतानाच झाली पाहिजे. पूल झाल्यावर पदपथ जोडलेला मी अजून पाहिलेला नाही.

पुरवणीच्या लेखकाला एक सुचवते. पुढच्या लेखासाठी त्यांनी अशाच एखाद्या वाडीत जावे, जिथे तीस-चाळीस वर्षे पाणी डोक्यावरून आले, आणि साठी-सत्तरीतल्या दहाबारा बायकांना एकत्र बसवून, त्यांच्या सुनांना व लेकांना बाहेर ठेवून, त्यांचे गुडघे, कंबर, डोळे आणि बाळंतपणे यांविषयी विचारावे. हंड्याचे छायाचित्र पुन्हा छापायचे असेल तर छापावे, परंतु त्याखालचा मजकूर त्या बायकांनी सांगितलेला असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी